दूधओढ्याचा तळ

एका जंगलात, बाळांनो, कागदाचा कारखाना होता. हसू नका. तिथल्या वाघमहाराजांना हुकूम काढायची फार हौस. पानांवर लिहिलेले हुकूम ससे खाऊन टाकायचे, म्हणून कारखाना.

कारखान्यात बांबू कुटायचे आणि त्याचा लगदा हौदात कालवायचे. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात पांढरी माती घालायचे. मग तो पातळ लगदा जाळीवर ओतायचे. पाणी खाली गळायचं, कागद वर राहायचा. पण वर राहायचे ते फक्त बांबूचे लांब लांब तंतू. बारीक भुगा आणि पांढरी माती जाळीच्या भोकांतून निसटायची आणि पाण्याबरोबर ओढ्यात जायची. आपण पीठ चाळतो ना, तसंच. फक्त इथे कोंडा ठेवून पीठ सोडून द्यायचे.

असा तो ओढा पांढरा झाला.

आधी सगळे घाबरले. मग घोरपडआजीने कपारीतून मान काढली, पाण्याला जीभ लावली आणि म्हणाली, "अगंबाई, दूध!"

झालं. ओढ्याचा दूधओढा झाला. दुपारी आरती सुरू झाली. माकडं द्रोण विकायला बसली. लग्न जमवताना लोक सांगायला लागले, "आमच्या दारावरून दूध वाहतं हो!"

ओढ्याच्या खालच्या अंगाला सावळी नावाची पाणमांजरीण राहायची. तिला एकच पिल्लू, डुबू. दुधात मासे दिसत नाहीत, बाळांनो. सावळी बुडी मारायची आणि तोंडात काटकी घेऊन वर यायची. डुबूच्या बरगड्या वर आल्या. सावळी झोपताना त्याच्या पाठीवरून हात फिरवायची आणि मग तिला झोप लागायची नाही.

"आई, हे दूध आहे?" डुबूने विचारलं.

"नाही रे राजा. घाण पाणी आहे ते."

"मग आजी दूध का म्हणते?"

"बोलू नकोस. उपाशीपोटी दमशील."

शेवटी सावळी कारखान्यात गेली. तिथे अस्वलराव व्यवस्थापक होते.

"ताई, साहेब आज नाहीत," अस्वलराव म्हणाले.

"साहेब तुम्हीच ना?"

"म्हणून तर खात्रीने सांगतोय."

सावळी परत आली. घराच्या उंबऱ्यात पांढरा चिखल साचून वाळला होता. भाकरीएवढी खपली तिने उचलली आणि दुसऱ्या दिवशी ती अस्वलरावांच्या टेबलावर आपटली.

"हे काय?"

"तुमचा कागद. माझ्या दारात येतो. तुमच्याकडे काही उरतो का?"

अस्वलरावांनी खपली बोटाने चाचपून पाहिली. त्यांचंही दुखणं तेच होतं. कागद इतका विरविरीत व्हायचा, की महाराजांचं नख आरपार जायचं. 'फाटका कागद चालणार नाही' हा हुकूम सही करतानाच फाटला होता.

मग त्यांनी साळिंदर औषधवाल्याला बोलावलं. त्याने बरणी आणली. आत डिंकाच्या पाण्यासारखं काहीतरी.

"हे हौदात घाला," साळिंदर म्हणाला. "हे एका हाताने तंतू धरतं आणि दुसऱ्या हाताने भुगा. बारकं कोणी खाली पडत नाही."

"जत्रेत आपण पोराचं बोट धरतो तसं?" सावळीने विचारलं.

"अगदी तसं. पण पळीभरच हं. जास्त झालं तर सगळेच एकमेकांना धरून बसतात. मग नुसत्या गुठळ्या. काम होत नाही."

"म्हणजे आमच्या सभेसारखं," अस्वलराव म्हणाले आणि त्यांनी पळीभर घातलं.

काय सांगू बाळांनो! भुगा वर राहिला, माती वर राहिली. कागद जाड झाला. दोन दिवसांत ओढा आरशासारखा नितळ. सावळीने बुडी मारली आणि हातभर मासा वर आणला. डुबूने तो डोक्यापासून शेपटीपर्यंत खाल्ला, ढेकर दिला आणि स्वतःच पाण्यात उडी मारली.

दुपारी सगळे आरतीला जमले. आरती कोणी म्हणेना. सगळे वाकून तळ बघत होते.

घोरपडआजीच्या कपारीखाली अंड्यांच्या टरफलांचा ढीग होता.

"आजी," टिटवी हळूच म्हणाली, "माझी अंडी पुरात गेली म्हणालात ना?"

"अगं, गेलीच. नंतर टरफलं परत आली असतील."

"उलट्या पाण्याने?"

कारखान्याच्या मागे ओढ्याच्या तळाशी मधाची रिकामी मडकी पडली होती. तो मध सगळ्यांनी दुष्काळासाठी राखून ठेवला होता. अस्वलराव आभाळाकडे बघायला लागले.

तेवढ्यात वाघमहाराजांच्या गुहेखालून डुबू वर आला. तोंडात घंटा.

"आई! आपल्या बाईंची घंटा!"

शाळेतल्या भेकरबाईंची बदली झाली, असा महाराजांनी हुकूम काढला होता. तेव्हापासून शाळा बंद होती.

"विसरून गेल्या असतील," महाराज म्हणाले.

"चष्मा पण?" डुबूने विचारलं. "तोही खाली आहे. आणि चष्म्याजवळ ना..."

सावळीने त्याचं तोंड दाबलं. चष्म्याजवळ काय होतं ते मीही सांगत नाही. तुम्ही लहान आहात.

लगेच सभा भरली. तळाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सगळे दुधाबद्दल बोलले.

"आमच्या भावनांचं काय?" घोरपडआजी रडली.

"द्रोण कोण घेणार आता?" माकडं ओरडली.

"दूध परत द्या! दूध परत द्या!"

टिटवी एकटीच अजून तळाकडे बघत होती. आजीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तळाकडे बघत बसलं की असा जीवाला घोर लागतो बाई. बघू नये."

महाराजांनी हुकूम काढला: औषध बंद. हुकूम नव्या कागदावर होता. जाड, गुळगुळीत, पांढराशुभ्र. सही करताना नख कुठेही आरपार गेलं नाही. तसा कागद त्या जंगलात पुन्हा झाला नाही.

मग महाराज सावळीकडे वळले. "सावळीबाई, तुमची अडचण काय होती?"

"पिल्लू उपाशी राहतं, महाराज."

"एवढंच ना? आधी बोलायचं. रोज मासे घरपोच येतील." महाराजांनी डुबूकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. "पोरगं फार प्रश्न विचारतं, नाही?"

सावळीने डुबूला आपल्या मागे ओढलं. "लहान आहे, महाराज. विसरेल."

"विसरायलाच हवं. वाढतं वय आहे."

ओढा पुन्हा पांढरा झाला. आरती सुरू झाली. सावळीच्या दारात रोज मासे यायला लागले, तेही साफ केलेले. डुबू गुबगुबीत झाला. बुडी मारायची त्याला गरजच उरली नाही.

फक्त ती घंटा त्याने घरी आणून ठेवली होती. एक दिवस त्याने ती हलवली. टण्ण!

सावळी धावत आली. घंटा काढून घेतली. उंबऱ्यात साचलेला पांढरा चिखल मुठीने उचलला आणि घंटेत ठासून भरला.

"आई, बाहेर ते दूध आहे?" डुबूने विचारलं.

सावळीने घंटा हलवून पाहिली. आवाज आला नाही. तरी तिने आणखी एक मूठ भरली.

"दूधच आहे, राजा. मासा खा."

तात्पर्य: पाणी नितळ करायला पळीभर औषध पुरतं, म्हणून ते कधीही करायला जाऊ नये. तळाशी कोणाकोणाचं काय आहे, ते आधी विचारून घ्यावं. विचारायची भीती वाटत असेल, तर मुलांना लहानपणीच दुधाची सवय लावावी. अंगी लागतं.