भिकनआप्पांची चार बोटं

सुरतेतल्या उधन्याला आमच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या भिकनआप्पांना त्या हिवाळ्यात कुणी “कसं काय, आप्पा?” विचारलं, की ते तोंडाने उत्तर देत नसत. बोटं दाखवत. सकाळी ओट्यावर बसून एका हाताने मिसरी लावणं चालू, आणि दुसऱ्या हाताची चार बोटं वर. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला वाटलं, आप्पा मटक्याचा आकडा सांगताहेत. त्याने आठवडाभर चौकाच लावला. तो काही लागला नाही, आणि आप्पांच्या पानात कात कमी पडायला लागला.

खरं तर ती त्यांच्या लेकीच्या बाळंतपणाची खबर होती.

रेखा ही आप्पांची एकुलती एक लेक, आणि आमच्या मराठी शाळेतली माझी जुनी विद्यार्थिनी. पहिलटकरीण. तिची आई लग्नाआधीच गेलेली. सासरचे पारोळ्याचे लोक म्हणाले, “माय नाही त्या घरी बाळंतपण कोण करणार? इथेच होऊ द्या.” आप्पांचा सगळा जन्म कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही. व्याह्यांच्या अंगणात उभे राहून ते म्हणाले, “माहेर काय फक्त मायनंच ऱ्हास का? बापनं नही ऱ्हास?” निम्म्या गावाला ते भांडण वाटलं. व्याही घाबरले आणि आप्पा लेकीला घेऊन सुरतेला आले.

नववा महिना लागल्यावर डॉक्टरीणबाईंनी पोट तपासून सांगितलं, “माथुं हजी उपर छे, काका. चिंता नथी.” बाळाचं डोकं अजून वरच आहे, खालच्या हाडांच्या कड्यात शिरलेलं नाही. त्यातलं ‘चिंता नथी’ आप्पांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. वर का? कधी उतरेल? कोण उतरवतं? बाईंनी शांतपणे समजावलं. हाडाच्या वर डोकं किती हाताला लागतं ते बोटांनी मोजतात. आत उतरेल तशी वरची बोटं कमी होतात. पहिलटकरणीचं बहुधा कळांच्या आधी काही दिवस उतरतं, कुणाचं कळा सुरू झाल्यावरच. उतरलं की वर जागा होते, श्वास मोकळा होतो, जेवण जातं, फक्त लघवीला सारखं पळावं लागतं. आप्पांनी त्यातल्या दोनच गोष्टींचं गाठोडं बांधलं: सध्या चार बोटं वर, आणि उतरलं की जेवण जातं. तिसरी गोष्ट बाई बोलल्याच नव्हत्या, ती आप्पांनी पदरची घातली: नाही उतरलं तर पोट फाडतात.

घरी आल्याबरोबर त्यांनी माळा रिकामा केला. लोखंडी ट्रंक, लोणच्याच्या बरण्या, पितळी घागर, पाहुण्यांच्या गोधड्या, सगळं खाली. मी म्हटलं, “आप्पा, हे काय?” तर म्हणाले, “बाई, घरमा समदं वरच ऱ्हायनं तर पोटमानं खाली कसं ई?” यावर माझ्यासारख्या बी.एड. झालेल्या बाईने फक्त एक बरणी भिंतीकडे सरकवली. कॅलेंडरसुद्धा खिळा उपटून कमरेएवढ्या उंचीवर लावलं. पंखा तेवढा वाचला. मी त्यांच्याकडे जाताना दर वेळी त्या ट्रंकेला अंगठा ठेचकाळून घ्यायची आणि आप्पा दर वेळी म्हणायचे, “पाय उचली चाला, बाई.” जशी काही ट्रंक तिथे जन्मापासून होती.

मग सुरू झाली भाकरीची परीक्षा. कामावर जायच्या आधी आप्पा स्वतः कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर थापायचे. बायको गेल्यावर शिकलेले, पण हात असा बसला होता की भाकर टम्म फुगायची. सोबत वांग्याचं भरीत. ताट लेकीपुढे ठेवायचं आणि समोर उकिडवं बसून बघायचं. रेखाला चार घासांत धाप लागायची, अर्धी भाकर ताटातच राहायची. आप्पा ती उचलून म्हणायचे, “आजून वरच शे.” ती अर्धी भाकर स्वतः खायचे आणि ओट्यावर जाऊन गल्लीला बोटं दाखवायचे.

असं चालू असताना एकदा आप्पांना कामावरची पाळी बदलून मिळेना, म्हणून रेखाला तपासायला मी घेऊन गेले. डॉक्टरीणबाई खूश. डोकं छान उतरलं होतं, वर जेमतेम एक बोट लागत होतं. “पण लगेच धावपळ नको,” त्या म्हणाल्या, “कळा यायला अजून वेळ लागू शकतो.” रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, “चल, आप्पांना पेढे घेऊ.” रेखाने माझा हात धरला.

“बाई, आप्पांना बोलू नका ना. उतरलं ऐकलं की ते मी जायचे दिवस मोजायला बसतील. राहू द्या थोडे दिवस वरच.”

तेव्हापासून ही पोर घरी अर्धी भाकर टाकायची आणि आप्पा कामावर गेले की माझ्याकडे येऊन पोळी-लोणच्यावर ताव मारायची. मी तोंडाला कुलूप लावलं. शिक्षिकेला ते किती जड जातं, हे माझ्या घरच्यांना विचारा.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. आप्पांची भाकर रोज वाढत होती. आधी तळहातापेक्षा जराशी मोठी, मग ताटाएवढी, आणि एका सकाळी तर तव्याच्या बाहेर लोंबायला लागली. मला राहवेना.

“आप्पा, ही भाकर आहे का बैलगाडीचं चाक? दिवस भरलेली पोर ही खाईल कशी?”

रेखा बाहेर मोरीकडे गेली होती. तिच्या तिकडे फेऱ्यांवर फेऱ्या चालू होत्या. आप्पांनी दाराकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

“खावाले नकोच ना, बाई. माले काय दिसत नही का? पोर बदकना मायक चालस. उतरनं ते. लहान भाकर करी तर पुरी खाई लेई.”

“मग चांगलंच की!”

“चांगलंच शे. पन मंग बाळंत व्हई. मंग सव्वा महिना. मंग जावाई येई, लई जाई.” त्यांनी भाकर उलटली. “जरासं वर ऱ्हाऊ द्या म्हनं.”

मला त्या माणसाची फार माया आली. आणि बापलेकीच्या दोन सारख्याच गुपितांवर एकटीने पहारा करायचा कंटाळाही आला. मी दिलेला शब्द मोडला.

“आप्पा, ती तुमची अर्धी भाकर टाकून माझ्याकडे येऊन जेवते. तिलाही सगळं माहीत आहे.”

आप्पांनी उलथनं खाली ठेवलं. “मनासाठे?” त्यांनी विचारलं. माझ्यासाठी?

दुसऱ्या दिवशी त्यांनी तळहाताएवढी भाकर केली. रेखाने ताटाकडे पाहिलं, मग बापाकडे, मग रागाने माझ्याकडे. आणि भाकर सगळी खाल्ली. आप्पा ओट्यावर गेले. पानवाल्याने विचारलं, “आज कितना, आप्पा?” आप्पांनी मूठ मिटून दाखवली. आतून रेखाची हाक आली, “आप्पा, आखो एक टाका!” तसे ते लगबगीने उठून आत गेले, आणि भाकर थापल्याचा आवाज माझ्या खोलीपर्यंत आला.

रेखाला मुलगी झाली, सुखरूप, काही फाडाफाडी न होता. सव्वा महिन्याचे आप्पांनी आरडाओरडा करून तीन महिने केले. मग जावई आले आणि घेऊन गेले.

त्यानंतर दोनेक दिवसांनी मी भाजी द्यायला गेले आणि सवयीप्रमाणे ट्रंकेला ठेचकाळले. बरण्या, घागर, गोधड्या, सगळं होतं तिथेच जमिनीवर. आप्पा एकटेच जेवत बसले होते, चाकाएवढी भाकर घेऊन.

“आता तरी हे माळ्यावर चढवा ना, आप्पा,” मी अंगठा चोळत म्हटलं.

“ऱ्हाऊ द्या, बाई,” आप्पा म्हणाले. “दुसऱ्या टायमाले आखो कोन उतारत बसी?”