तेलपान्याचा टँकर

“आधी तुमी घोटभर प्या साहेब, मंग आमच्या विहिरीत ओता,” सोजरबाई म्हने. सोजरबाई म्हंजे माही काकू. विहिरीच्या काठावर मांडी ठोकून बसली होती.

“बाई, हे संशोधन आहे. संशोधन पीत नसतात.”

“मंग विहिरीले कायले पाजता?”

कोनतंबी पानी जितकं दुरून येते, तितका त्याले मान जास्त भेटते. आमच्या गावाले हे ज्ञान उन्हाळ्यातल्या टँकरनं दिलं. (गाव शेलूबाजारच्या पलीकडं हाय. नाव सांगत नाही, नायतं साहेब पुन्हा येतील.) म्हनून एका मोठ्या संस्थेनं हजार कोसावरच्या तेलविहिरीचं सांडपानी आमच्याकडं आनाचं ठरवलं, तवा गावाची छाती फुगली.

जमिनीतून खनिज तेल उपसते तवा तेलासंगं काळं, तवंगाचं पानीबी वर येते. ते साफ करा लागते. संस्थेनं त्यावर झाडपाल्याचा इलाज काढला. शेवग्याच्या बियांचं पीठ टाकाचं, भेंडीचा चिकट रस टाकाचा, ढवळाचं, अन् वरचा तवंग कापसानं टिपाचा. इलाज झकास हाय, खोटं नाही बोलत. शेवगा गाळ बसवते, कापूस तेल पिते.

आता तुमी इचारसान, वाशिम जिल्ह्यात तेलविहीर कुठं हाय? कुठंच नाही. आमच्याकडं तेल पिशवीतून निंघते. मंग शेवग्याचं पोतं तिकडं न्यायचं सोडून ते पानी इकडं काहून आनलं? हा अडानी प्रश्न हाय. पोत्याले हिरवी झेंडी दाखवली का लोक हसतात. टँकरले दाखवली का टाळ्या पडतात.

सोमवारी अख्खा टँकर आमच्या विहिरीत ओतून तिथंच ढवळाचा होता. त्याआधी एका ड्रमावर चाचनी झाली. मी शाळा सोडलेली, म्हनून मले ‘अकुशल’ पदावर ढवळाले ठेवलं. (आमच्याच गावचा हेमसिंग बारावी पास, तो ‘अर्धकुशल’. मी ढवळतो का नाही हे त्यानं पाह्यचं.) पानी काचेसारखं झालं. साहेब लोकायनं टाळ्या वाजवल्या. मी बोट बुडवून चाटलं. निव्वळ पापडखार.

मी साहेबाले सांगतलं. ते म्हनाले, मीठ प्रकल्पाच्या कक्षेत येत नाही, मंजुरी फक्त तेलाची आहे. मी म्हनलो, सोमवारी अख्खा टँकर विहिरीत गेला अन् विहीर खारी झाली, तं गाव काय पिईन? ते म्हनाले, त्यासाठी स्वतंत्र प्रस्ताव सादर करा. माहं डोकं सनकलं. ढवळाचं दांडकं फेकून देल्लं. त्याची नोंद ‘यंत्रसामग्रीत तांत्रिक बिघाड’ अशी झाली.

अन् सोमवारी हे भांडन. विहीर गावात एकच, अन् तिच्या काठावर सोजरबाई. साहेब तिले ‘लाभार्थी’ म्हनून समजावून राह्यले होते. तितक्यात टँकरचा हॉर्न वाजला.

आमच्या गावात हॉर्न वाजला का टँकरात काय हाय हे कोनी इचारत नाही. ज्याचा पाइप आधी आत, त्याचं पानी. पोरं टपावर चढले, झाकन उघडलं, घरटी एक पाइप आत गेला. तोंडानं ओढून धार काढाची आमची रीत हाय. सगळ्यायनं ओढलं, सगळ्यायनं थुंकलं, पन पाइप कोनी काढला नाही. काहून का शेजाऱ्याचा चालू होता. सोजरबाईनं भांडन तिथंच ठेवलं अन् पानी भराची कोठी घेऊन पळाली.

साहेबाच्या गळ्यात हार पडेपर्यंत टँकर कोरडा.

मंग साहेब घरोघरी पानी वापस मांगत फिरले. सपनावहिनी कोठीवर ताट झाकून उभी राह्यली. “नंबरानं भेटलं हाय मले, देत नसते,” म्हने. मारोतरावनं इचारलं, उद्याचा टँकर किती वाजता? गंगूबाई दुपारलोक तुरटी फिरवत होती, अन् पानी तिच्याकडं तसंच काळं पाहून राह्यलं होतं.

विहीर वाचली. कोनाच्या अकलेनं नाही, आमच्या हावरटपनानं. या गुनाचं मोल शासनानं वेळीच ओळखाले पायजे.

अहवालात आलं : ‘टँकरमधील सांडपाणी जागेवरच शंभर टक्के नाहीसे झाले. लोकसहभाग अभूतपूर्व.’ यात एक अक्षर खोटं नाही. फक्त फोटो पायजे होता. म्हनून साहेबायनं एका हातात सपनावहिनीच्या कोठीतला काळा गिलास धरला (तितकं तिनं देल्लं, गिलास वापस घेतला), अन् दुसऱ्या हातात आमच्या विहिरीतलं पानी. खाली लिवलं, ‘शेवग्यापूर्वी’ अन् ‘शेवग्यानंतर’.

फोटो मोबाइलवर असा सुटला का कारंज्यापासून रिसोडपर्यंत थांबला नाही. लोकायनं हात जोडले, अंगठे दाखवले, आपल्या मातीचं ग्यान म्हनून डोये पुसले. तुमीबी पुढं पाठवला, लाजू नका. गिलासातलं पानी गोड हाय का खारं, हे एकानंबी नाही इचारलं.

संस्थेनं हे अंगठे मोजले. जिथून जास्त आले, त्या गावात जनतेची मागणी हाय असं धरून दुसरा टँकर मंजूर झाला. या बारीले झाकनाले कुलूप हाय, अन् नळी थेट विहिरीत. मले ‘अनुभवी’ पदावर घेतलं. काकू बोलत नाही माह्यासंगं, पन पद भेटलं.

मले आता जा लागते. जीपवाला हॉर्न देऊन राह्यला. तुमच्याच गावाले चाललो, ढवळाले.