रिकामं भांडं परत जात नाही

ईदच्या सकाळी दहा वाजून गेले तरी समोरच्या मुनीरभाईंच्या घरून शिरखुर्मा आला नाही आणि भगवानरावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तशी ती पाल त्यांच्या मनात कायमचीच मुक्कामाला होती. तीस वर्षं त्यांनी एस.टी.त तिकीट तपासनीस म्हणून काढलेली. समोर माणूस दिसला की याच्याकडे तिकीट नसणार, असं धरूनच ते गाडीत चढायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण दूधवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांकडे ते अजून त्याच नजरेनं बघत.

बीडमधल्या त्यांच्या गल्लीत चार घरं एकमेकांच्या जिवाभावाची होती. दिवाळीचा फराळ भगवानरावांकडून जायचा, ईदचा शिरखुर्मा मुनीरभाईंकडून यायचा, नाताळचा केक मार्था सिस्टरांकडून आणि बुद्धपौर्णिमेची खीर गायकवाडांच्या धनश्रीकडून. नियम एकच होता आणि तो कुणी लिहून ठेवला नव्हता: आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. त्यामुळे वर्षभर कुणाचा ना कुणाचा डबा कुणाच्या तरी घरी मुक्कामाला असे.

भगवानरावांच्या लेखी या सगळ्यांत मोठा सण ईद. चार वर्षांपासून त्यांना साखरेचा आजार होता आणि घरात गोड बंद होतं. मुनीरभाईंनाही तोच आजार. दोघांची साखर तपासायच्या मार्था सिस्टरच, आणि दोघांना दम भरायच्याही त्याच. त्यातल्या त्यात विजयमालाबाईंनी नवऱ्याला वर्षातून एकदा, एक वाटी शिरखुर्म्याची सूट दिली होती. त्या वाटीसाठी भगवानरावांनी आज सकाळचा चहासुद्धा घेतला नव्हता.

सव्वादहाला ते ओट्यावर येऊन बसले आणि त्यांनी पाळत सुरू केली. मुनीरभाईंची सून झाकलेला डबा घेऊन गायकवाडांकडे गेली. मग दुसरा डबा घेऊन सिस्टरांकडे गेली. परत येताना ती भगवानरावांच्या फाटकावरून गेली, किंचित हसली आणि घरात शिरली. हसली का, हा प्रश्न भगवानरावांना डाचू लागला.

परवा धुळवडीला आपल्या नातवाची पिचकारी त्यांच्या भिंतीवर उडाली, त्याचा राग असेल. की आपण त्यांच्या फाटकासमोर स्कूटर लावतो त्याचा? आणि हो, नाताळचा केक कुठे आला होता यंदा? तेव्हा ते गप्प बसले होते. आता मात्र त्यांना सगळ्या गल्लीचा कट दिसू लागला. मुनीरभाई त्यांच्याच डेपोत ड्रायव्हर होते. पंचवीस वर्षं एका ताटात जेवलेला माणूस वाटीभर शिरखुर्म्याला मागं सरतो म्हणजे काहीतरी मोठं बिनसलं असणार.

पहिला संशय अर्थात बायकोवर गेला. "तू तर न्हाई ना सांगितलं त्यांना, पाठवू नका म्हणून?"

"मी कशाला सांगू? पाहुणे असतील त्यांच्याकडं. दुपारपर्यंत धीर धरा की जरा," विजयमालाबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या.

धीर धरणं हे तपासनीसाच्या रक्तात नसतं. भगवानरावांनी कपडे वाळत घालणाऱ्या धनश्रीला सहज म्हणून विचारलं. तिच्याकडे मघाशीच आला होता आणि लई भारी झाला होता. हे ऐकून काकांचा चेहरा असा काही उतरला, की धनश्री घाबरून सिस्टरांना बोलवायला गेली. सिस्टर रक्तदाबाचं यंत्र घेऊन आल्या. दाब एकशे सत्तर निघाला. कुणाशी वाजलंय का, असं त्यांनी खोदून खोदून विचारलं. भगवानराव "काही न्हाई" म्हणत राहिले, पण त्यांची नजर समोरच्या दारावरून हटेना. सिस्टरांनी ती नजर बरोबर ओळखली. यंत्र गुंडाळून त्या तडक मुनीरभाईंच्या घरात शिरल्या.

आता आली का पंचाईत. भगवानराव शिरखुर्म्यासाठी रुसून बसलेत, असं त्या तिथं सांगणार आणि उभ्या गल्लीत अब्रू जाणार. त्याआधी आपण पोचलं पाहिजे. पण बोलावल्याशिवाय, नेमकं आज, रिकाम्या हातानं गेलं तर खादाड दिसतो. काहीतरी निमित्त हवं. फाटकाची कडी दिवाळीपासून ढिली होती. भगवानराव मागच्या शेडमध्ये गेले, फळीवरचा खिळ्यांचा डबा काखोटीला मारला आणि रस्ता ओलांडून समोर हजर झाले.

मुनीरभाईंच्या बैठकीत पांढरीशुभ्र चादर अंथरलेली होती. मुनीरभाई, त्यांची बायको शकिलाभाभी आणि सिस्टर काहीतरी गंभीर बोलत होते. भगवानरावांना बघून तिघंही एकदम गप्प झाले, आणि आपला संशय खरा होता याची भगवानरावांना खात्री पटली.

"ईद मुबारक, मुनीरभाई. ती जरा हातोडी पायजे होती," असं म्हणून त्यांनी डबा चादरीवर ठेवला.

शकिलाभाभी डब्याकडे बघतच राहिल्या. पितळी कडीचा, जुन्या घडणीचा डबा. त्यांनी झाकणावरून बोट फिरवलं.

"भाऊ, हा डबा माझ्या सासूबाईचा हाय," त्या हळूच म्हणाल्या. "हे त्यांचं नाव हाय, उर्दूत."

झाकणावरच्या त्या खुणांना भगवानराव आजवर वेलबुट्टी समजत होते. त्यांनी काही बोलायच्या आत भाभींना भरून आलं. त्यांच्या घरचा शिरखुर्मा दरवर्षी याच डब्यातून जायचा. तो डबा दिवाळीला करंज्या भरून परत यायचा. यंदा दिवाळीला डबा आला नाही आणि फराळही आला नाही. भाभींनी वाट पाहिली. मागायचं कसं? मागितलं तर करंज्यांसाठी मागितल्यासारखं दिसतं.

"आमी समजलो, तुमाला आता आमच्या घरचं चालत न्हाई," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या.

"आन् मी म्हणलो हिला, डबा येऊ दे, मग भरून पाठवू," मुनीरभाई म्हणाले. "उगी जबरदस्ती कावून करायची? दिवाळीपासून बघायलोय तुझ्याकडं, नीट बोलतूस का न्हाई ते."

म्हणजे आपण ज्याच्यावर पाळत ठेवली, तो पाच महिने आपल्यावर पाळत ठेवून होता. भगवानरावांना हे पचायला जड गेलं. तेवढ्यात, नवरा कुठे गेला ते बघत विजयमालाबाई दारात आल्या. त्यांनी शेवटचं ऐकलं होतं.

"दिवाळीला? आवो, दिवाळीला मी याच डब्यात पंचवीस करंज्या भरून दिलत्या. यांच्याच हातात."

चार माणसं भगवानरावांकडे बघू लागली. तपासनीसाच्या आयुष्यात असा प्रसंग कधी आला नव्हता.

आणि मग त्यांना सगळं आठवलं. डबा घेऊन ते निघाले तेव्हा मुनीरभाई भाच्याच्या लग्नाला युसूफ वडगावला गेलेले, दाराला कुलूप. उद्या देऊ, म्हणून त्यांनी डबा शेडमध्ये ठेवला. मोडली तर नाही ना हे बघायला एक करंजी काढली. ती जरा मोडलेली होती, म्हणून खाल्ली. चार दिवस ते रोज तपासणीला जात राहिले. पाचव्या दिवशी डबा रिकामा होता. रिकामा डबा समोर देता येत नव्हता आणि स्वयंपाकघरात ठेवला तर बायको विचारणार. मग त्यांनी त्यात खिळे भरले. त्यानंतर तो त्यांच्या लेखी खिळ्यांचाच डबा झाला.

"तरीच," मार्था सिस्टर म्हणाल्या. "दिवाळीनंतर साखर तीनशे दहा आलती. मी चांगलं मशीन दुरुस्तीला पाठवलं की वो."

भगवानरावांनी मान खाली घातली. "चुकलं, भाभी. तुमच्या घरचं चालत न्हाई असं कसं हुईल? सकाळपासनं चहा बी घेतला न्हाई मी, तुमच्या खुर्म्यापायी."

भाभी डोळे पुसता पुसता हसल्या. डबा आत्ताच्या आत्ता धुऊन भरते, म्हणाल्या. पण विजयमालाबाईंचा निकाल तयार होता. डबा घरी येईल आणि नातवंडं खातील. यंदाची वाटी यांनी दिवाळीतच खाल्लीय. सिस्टरांनी जोरात मान हलवली आणि तिघी बायका स्वयंपाकघराकडे वळल्या.

"डबा भरून देते, आधी तेवढे खिळे काढा त्यातले," भाभींनी जाता जाता बजावलं.

मुनीरभाई घाईघाईनं उठले आणि पलंगाखालून एक डबा ओढून भगवानरावांपुढे ठेवला. "यात ओत. माझे बी स्क्रू यातच हायेत."

डबा पत्र्याचा, गोल, लाल रंगाचा होता. झाकणावर सोनेरी घंटा आणि हिरवी पानं. भगवानराव डब्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मुनीरभाईंकडे बघितलं, अगदी केजच्या गाडीत मागच्या बाकड्यावर बघायचे तसं.

"हा कुठला बे?"

"जुना हाय," मुनीरभाई खिडकीबाहेर बघत म्हणाले.

भगवानरावांनी झाकण काढलं. स्क्रू बाजूला सारले. तळाला दोन वाळके मनुके चिकटले होते आणि एक चिठ्ठी होती, सिस्टरांच्या अक्षरातली: 'भगवानभाऊ आणि वहिनींना नाताळच्या शुभेच्छा.'

"तू परळीला गेलतास तवा," मुनीरभाई पुटपुटले. "सिस्टरनं माझ्याजवळ दिलता, तुला द्यायला. खराब झाला का बघावं म्हणून जरासा कातरला."

"किती दिवस बघितला?"

"चार."

आत भांडी वाजत होती. सिस्टरांचा आवाज येत होता. भगवानरावांनी चिठ्ठी पुन्हा तळाला ठेवली, तिच्यावर स्क्रू पसरले, त्यावर आपले सगळे खिळे ओतले आणि झाकण घट्ट दाबून बसवलं.

"दंड किती?" मुनीरभाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"दोन वाट्या," भगवानराव म्हणाले. "एक माझी, एक तुझी. मागच्या अंगणात आण."