अकरा डबे धूळ

"हे तुम्हाला खरं वाटणार नाही," मोजणीकाका म्हणाले, "म्हणून मी आजवर कुणाला सांगितलंच नाही."

समोर बसलेल्या सलूनवाल्याने हे वाक्य यापूर्वी निदान सहा वेळा ऐकलं होतं. पण आज खोलीत नवा श्रोता होता. काकांचा जावई. लग्नाला दोन महिने झालेले, बदली नेमकी याच गावात झाली म्हणून सासऱ्यांच्या घरी मुक्कामाला आलेला. गोष्ट सांगायला नव्या जावयासारखा माणूस नाही. त्याला मध्येच उठून जाता येत नाही. काकू खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होत्या. त्यांचं इकडे लक्ष नाही, अशी काकांची समजूत होती.

गोष्ट तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची. काका तेव्हा डोंगरावरच्या खाणीत धूळ मोजायच्या कामावर होते. तात्पुरते. तीन वर्षं तात्पुरते. आणि राहायला होते याच घरात, म्हणजे सासूबाईंच्या. काका मात्र "तेव्हा सासूबाई आमच्याकडेच असायच्या" असं सांगत.

खाणीतून निघालेले डंपर या गल्लीच्या तोंडावरून दिवसभर जात आणि मागे धूळ ठेवून जात. धूळ म्हणजे किती? काकांनी जावयाला हिशेब दिला, की एक पांढरी मांजर गल्लीच्या या टोकाने शिरली, त्या टोकाने तांबडी होऊन बाहेर पडली, आणि तिच्या पिल्लांनी तिला घरात घेतलं नाही. गल्लीतल्या बायका कपडे वाळत घालून पुन्हा धुवायची बादली घेऊन खालीच बसून राहायच्या, कारण कपडे वाळण्याआधी मळायचे. गल्लीचं मागणं साधं होतं: रस्त्यावर दिवसातून दोनदा टँकरने पाणी मारा आणि डंपरवर ताडपत्र्या घाला. या मागणीत सगळ्यांत मोठा आवाज सासूबाईंचा.

कंपनी म्हणाली, आधी मोजू, मग बोलू. आणि मोजायचं भांडं कुठे ठेवायचं, तर सगळ्यांत मोकळी गच्ची सासूबाईंची.

भांडं म्हणजे काचेची रुंद तोंडाची बरणी. तळाशी थोडं पाणी घालून लोखंडी तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवायची. महिनाभर वरून पडेल ती धूळ आत जमते. महिना संपला की पाणी आटवायचं आणि खाली उरेल त्याचं वजन करायचं. नियम एकच: मध्ये तिला हात लावायचा नाही.

"आणि मी नियमाचा पक्का," काका म्हणाले. "महिना-महिना गच्चीवर पाऊल टाकायचो नाही."

काकूंची सुई बटणाच्या भोकात थांबली. मग पुढे गेली.

पहिल्या महिन्याअखेर काकांनी बरणी प्रयोगशाळेत नेली, पाणी आटवलं, आणि खाली काही नव्हतं. काट्यावर ठेवलं तर काटाही हलला नाही. त्यांनी काटा तपासला, बरणी बदलली, पुन्हा महिनाभर वाट पाहिली. पुन्हा काही नाही. तिसऱ्या महिन्यात तर बरणी इतकी लख्ख निघाली, की म्हणे चिमण्या तिच्यात चेहरा बघायला रांगेने यायच्या.

खाणीचे मोठे साहेब हरखले. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्या भांड्यात दुसरं काहीच नव्हतं. त्यांनी शून्याचा आकडा चौकटीत घालून कचेरीच्या भिंतीवर टांगला. दुसऱ्या खाणींचे लोक शून्य बघायला येऊ लागले. एवढी धूळ तुम्ही जिरवता कुठे, असं विचारू लागले. साहेब नुसते हसायचे, कारण त्यांनाही माहीत नव्हतं.

इकडे घरात काकांची पंचाईत. सासूबाई त्यांना ताट वाढताना विचारायच्या, "जावईबापू, तुमच्या बरणीला डोळे आहेत का?" गल्ली म्हणायची, जावई कंपनीला फितूर झाला. टँकरचं नाव काढलं की साहेब भिंतीवरच्या शून्याकडे बोट दाखवायचे. पण साहेबांनी काकांना एक शब्द दिला होता. बाहेरची तपासणी येते आहे, ती पार पडू दे, तुला कायम करतो. काकांनी तोंड मिटून घेतलं.

ही तपासणी दर तीन वर्षांनी व्हायची. कंपनी आपल्या कारभाराबद्दल जे लिहिते ते खरं का, हे बघायला परकी माणसं येत. तीन रकाने असायचे: हवापाणी, कामगारांची सुरक्षा आणि आसपासची माणसं. त्या साली आली ती एक बाई. बारीक चणीची, जाड चष्म्याची, कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या माणसाची कचेरीत फार भीती असते. साहेबांनी सगळ्यांना शिरस्त्राणं घालायला लावली होती. चहा आणणारासुद्धा शिरस्त्राण घालून आला आणि वाकल्यावर ते किटलीवर पडलं.

सुरक्षेचा रकाना कसाबसा निभावला. मग बाईंनी हवापाण्याचा रकाना उघडला: धूळ शून्य. मान हलवली, टिपून घेतलं. मग त्या तिसऱ्या रकान्यासाठी माणसांशी बोलायला गल्लीत आल्या, आणि त्यांना पहिल्या भेटल्या सासूबाई.

सासूबाई बोलल्या. बाईंच्या वहीची अकरा पानं भरली आणि पेन्सिलला दोनदा टोक करावं लागलं.

संध्याकाळी बाईंनी काकांना समोर बसवलं. "एकाच कागदावर दोन रकाने भांडतायत," त्या म्हणाल्या. "हा म्हणतो धूळ नाही. हा अकरा पानं दुसरं काही बोलतच नाही. एक तर माणसं खोटं बोलतात, नाहीतर बरणी. बरणी कुणाच्या ताब्यात असते?"

"माझ्या," काका म्हणाले, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"उद्या मला गच्चीवर एक खुर्ची द्या. दिवसभर बसेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई खुर्ची टाकून बसल्या. आठ तास. वाचलं, लिहिलं, डबा खाल्ला, पण उठल्या नाहीत. खालच्या रस्त्याने एकशे चौदा डंपर गेले. दिवस कलताना त्या उठल्या आणि मागे वळून बघतात तो काय, सगळी खुर्ची तांबडी आणि मधोमध बाई बसल्या होत्या तेवढाच आकार मूळ निळ्या रंगाचा. बाईंनी चष्मा काढला, तर डोळ्यांभोवती दोन गोरी वर्तुळं. बरणीत बघितलं, तर पाणी गढूळलेलं. म्हणजे बरणी खोटी नव्हती. मग शून्य आलं कुठून?

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

"आणि कोण आलं असेल?" काकांनी जावयाला विचारलं. "सासूबाई. वय बहात्तर. दोन-दोन पायऱ्या एकदम चढायच्या. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात फडकं."

काकूंनी मान वर केली. काकांनी खिडकीकडे बघायचं टाळलं.

सासूबाईंनी आधी गच्ची झाडली. कोपऱ्याकोपऱ्यातून, भिंतीच्या कडेकडेने. मग बरणी उचलली, पाणी कुंडीत ओतलं, फडक्याने आतून-बाहेरून घासून पुसली, नवं पाणी घातलं आणि होती तशी तिकाटण्यावर ठेवली. बाईंनी विचारलं, हे रोज करता? तर रोज. अकरा महिने. एकही दिवस चुकला नव्हता.

"वजन करायचं तर पारडं आधी पुसायला नको?" सासूबाई म्हणाल्या. "आणि घाण भांडं माझ्या गच्चीवर राहत नाही."

बाईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या. मग काकांना बोलावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की अकरा महिन्यांचे आकडे फुकट गेले, आणि मोजणाऱ्याच्या घरातल्या माणसाने बरणीला हात लावला, हे त्यांना लिहावं लागेल. असं लिहून आल्यावर मोजणारा कामावर राहत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सासूबाईंनी विचारलं, म्हणजे होणार काय?

"उद्यापासून मी घरी," काका म्हणाले. "दिवसभर."

या शब्दांचा सासूबाईंवर जो परिणाम झाला, तो अकरा पानांच्या धुळीचाही झाला नव्हता. त्या तशाच खाली गेल्या आणि वर आल्या त्या पत्र्याचे डबे घेऊन. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. अकरा डबे ओळीने मांडले. गच्ची झाडून निघालेली धूळ त्या टाकून देत नसत. चाळून डब्यात भरत, कारण तांब्याची भांडी तिच्याने झकास निघतात. जुनी आधी वापरायची म्हणून प्रत्येक डब्यावर महिन्याची चिठ्ठी. पण धूळ येई डब्याने आणि लागे चिमटीने, त्यामुळे भरलेले डबे नुसते साठत गेले होते.

बाईंनी पहिला डबा उघडला. दुसरा उघडला. मग पिशवीतून टेप काढली आणि काकांना दुसरं टोक धरायला सांगितलं. गच्ची भरली पन्नास चौरस मीटर. डब्यातली धूळ सरासरी एक किलो. म्हणजे चौरस मीटरला महिन्याकाठी वीस ग्रॅम. चालण्याजोगी किती, तर चार.

"पाचपट," बाई म्हणाल्या, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

पुढचं झटपट झालं. भिंतीवरची शून्याची चौकट उतरली. तिथे पांढरा चौकोन राहिला, कारण बाकीची भिंतही तांबडी झाली होती. आठवड्याच्या आत टँकर सुरू झाला, ताडपत्र्या आल्या. बाईंनी अहवालात बरणीवर काट मारली आणि लिहिलं, की या गच्चीवर अकरा महिने रोज एकाच हाताने, एकही दिवस न चुकता धूळ गोळा झाली आहे. इतका नेमका माणूस कुठल्या खाणीवर बघितला नाही. त्याला सोडू नये.

"आणि महिन्याभरात मी कायम झालो," काका म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले.

सलूनवाल्याने नेहमीप्रमाणे मान डोलवली. जावई मात्र बोटांवर काहीतरी मोजत होता. तो हिशेबाच्या कचेरीत कामाला होता, आणि एखादी रक्कम जुळली नाही की त्याच्या कपाळाला आठी पडायची. आत्ता ती पडली होती.

"एक विचारू का?" तो अदबीने म्हणाला. "गच्ची झाडायच्या आजी. धूळ गोळा करायच्या आजी. मग बाईंनी सोडू नका म्हणून लिहिलं, ते आजींबद्दल. मग कायम तुम्ही कसे झालात?"

काकांनी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता, तरी त्यांनी बराच वेळ प्यायला. सलूनवाला सहा वेळा गोष्ट ऐकूनही हे आपल्याला कसं सुचलं नाही, या विचारात पडला.

खिडकीशी काकूंनी दोरा दाताने तोडला आणि शर्ट झटकला.

"आईचे गुडघे गेलेले होते," त्या म्हणाल्या. "त्या वर्षभरात ती एक पायरी चढली नाही. डबे आईचे, हे खरं. झाडू तुमचा, फडकंही तुमचं. ती खालून हाक मारायची आणि तुम्ही वर पळायचात. आणि आजची गच्ची अजून राहिलीय."