ते काल झालं

आमच्या गल्लीत सगळ्यांच्या घरी आज असतो, गफूरचाचांच्या घरी मात्र काल असतो.

म्हणजे काय, ते सांगते. माजलगावात आमच्या भिंतीला भिंत लावून चाचा राहतात. वय सत्तरीच्या पुढं, डोक्यावर जाळीची टोपी, खिशात कायम टेस्टर. हयातभर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. दुकान बंद केलं तेव्हा सगळं भंगारात दिलं, फक्त एक व्हीसीआर घरी आणला. दुपारी एकला जिल्ह्याच्या बातम्या लागतात. चाचा त्या बघत नाहीत. व्हीसीआरवर टेप करतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बघतात. बातम्याच नाही हो, मॅच, हवामान, निवडणुकीचा निकाल, सगळं एक दिवस शिळं करून. शिळी भाकरी आवडीनं खाणारी माणसं मी पाहिलीत, पण शिळ्या बातम्यांचा शौक असणारा हा एकच माणूस.

"कावून हो चाचा, असं?" हे सुरू झालं तेव्हाच मी विचारलं होतं.

"गरम गरम खाल्लं की तोंड भाजतंय, बेटा. बातमी निवू द्यावी."

आता यावर काय बोलणार? डोंबल!

त्या व्हीसीआरची जोडणी हा एक स्वतंत्र सोहळा आहे. घरी पाहुणा आला की चाचा त्याला आधी पाणी देतात आणि मग लगेच वायरी दाखवतात. केबलच्या डब्यातून तीन वायरी निघतात आणि व्हीसीआरच्या पाठीत जातात. "ही पिवळी चित्राची. ही पांढरी आवाजाची. आन् ही लाल..." इथं ते थांबतात. त्यांच्या मशीनला लाल वायरीसाठी भोकच नाही. "ही लाल पाहुणी हाय. तिला काही काम न्हाई, पण हाकलायची बी न्हाई." म्हणून ती लाल वायर एका खिळ्याला मानानं टांगून ठेवलीय. व्हीसीआरमधून पुढं जुन्या डबा टीव्हीत एक काळी वायर जाते. व्हीसीआरच्या आतला पट्टा तुटला तेव्हा चाचांनी माझ्या शिलाई मशीनचं रबर मागून नेलं. मी घरी ब्लाउज शिवते. तेव्हापासून माझ्या मशीनची बॉबिन भरत नाही, पण जिल्ह्याच्या बातम्या व्यवस्थित टेप होतात.

एक वाजला की चाचा बिस्मिल्ला म्हणून दोन बोटांनी दोन बटणं एकदम दाबतात. मग टीव्हीचा आवाज बंद करून त्यावर चादर टाकतात. टेप करायला टीव्ही चालू लागत नाही, हे त्यांना माहीत आहे. स्वतः मेकॅनिक आहेत. पण त्यांचं म्हणणं असं की, "टीव्ही बंद असला की मशीनला वाटतंय, कुणी बघतच न्हाई. मग ते बी मन लावून काम करीत न्हाई." आणि स्वतः दारात खुर्ची टाकून, टीव्हीकडं पाठ करून पहाऱ्याला बसतात. दाराच्या कडीला लाल फडकं. फडकं लागलं की गल्लीत मिक्सर बंद, कारण चित्रात मुंग्या येतात. माझ्या शिलाई मशीनची मोटार बंद. एकदा माझ्याकडं नवरीचा ब्लाउज होता, नवरी समोर बसलेली, आणि बाहेरून आवाज, "मंगल बेटा, मुंग्या!" नवरी बिचारी खाली बघायला लागली.

कोऱ्या कॅसेटी आता मिळत नाहीत. म्हणून चाचांनी गल्लीतल्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी गोळा केल्या. माझ्या लग्नाची मीच दिली. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "दे, एकदा भोगलंय तेवढं बस." आता होतं काय, की बातम्या अर्ध्या तासात संपतात आणि कॅसेट पुढं चालूच राहते. पाणीटंचाईची आढावा बैठक संपते आणि लगेच माझे मिस्टर तोंडात जिलेबी कोंबताना दिसतात. तेव्हा केस होते त्यांना. म्हणून मी अधूनमधून जाऊन बघून येते.

पण खरा जाच वेगळाच. चाचांना कालचं बघायचं असतं, म्हणून आजचं काही त्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, हा गल्लीचा नियम. एकदा भारताची फायनल होती. समोरचे शिंदे मास्तर, रिटायर झालेले, पण जीभ अजून नोकरीवर असलेली. त्यांनी फटाके ऐकून आनंदाच्या भरात सांगून टाकलं, "जिंकलो की हो गफूरभाई!" झालं. चाचा पंधरा दिवस मास्तरांशी बोलले नाहीत. "चाळीस वर्षाची दोस्ती आन् यानं माझा उद्या खाल्ला!" तेव्हापासून कुठलीही मोठी मॅच झाली की गल्ली ती दोनदा बघते. एकदा आपापल्या घरी, आणि दुसऱ्या दिवशी चाचांकडं, काहीच माहीत नाही असं तोंड करून. मास्तर तर आता असं काही "अरेरे, गेला!" म्हणतात की मलाच धडधडायला लागतं.

बघायचा नियमही कडक. सकाळी नऊ-साडेनऊला युसूफचा फोन येणार. युसूफ हा चाचांचा एकुलता एक पोरगा. स्वतःचा ट्रक चालवतो, महिन्यातनं चार दिवस घरी असतो. चाची जाऊन सात वर्षं झाली, त्यामुळं घरात चाचा आणि व्हीसीआर एवढेच. युसूफचा फोन आल्याशिवाय चाचा कॅसेट लावत नाहीत. फोन दहाला आला तर दहाला, बाराला आला तर बाराला. आम्हाला वाटायचं, मधे डिस्टर्ब नको म्हणून असेल. आणि बघताना अपघाताची बातमी आली की दोन्ही हात उघडे धरून काहीतरी पुटपुटतात. आम्हाला वाटायचं, टेप अडकू नये म्हणून दुवा मागत असतील.

त्यांचं ठरलेलं एक वाक्य आहे, "ते काल झालं." गॅस महागला? ते काल झालं. माझी आणि जावेची नळावरून जुंपली की भिंतीपलीकडून आवाज, "मंगल बेटा, ते काल झालं, सोड." भांडण आत्ता चालू असतं हो! पण ऐकलं की हसू येतं आणि मग भांडायला जोर राहत नाही. युसूफनं ट्रक घेतला तेव्हा मागच्या फळीवर पेंटरकडून हेच लिहून घेतलं. पिवळ्या अक्षरात, हातभर मोठं, 'ते काल झालं'. गाडी पुढं गेली की मागच्यानं वाचत बसावं.

हीच अक्षरं मला मागच्या उन्हाळ्यात टीव्हीवर दिसली.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. माझी मोटार अर्थातच बंद, म्हणून मी टीव्ही लावला होता. मांजरसुंब्याजवळ मोसंबीचा ट्रक पलटी. रस्ताभर मोसंबी, लोक पिशव्या भरतायत, आणि मधे पालथा पडलेला ट्रक. अक्षरं उलटी होती, मी मान वाकडी करून वाचली. 'ते काल झालं.' मी मिस्टरांना हाक मारली. बातमीदार पोरगी सांगत होती, "चालकाच्या प्रकृतीबाबत अद्याप काही समजू शकलेलं नाही."

माझ्या मिस्टरांनी युसूफचा फोन लावला. उचलला एका ढाबेवाल्यानं. म्हणाला, "पाय मोडलाय. बाकी बोलतोय, शिव्या बी देतोय. बीडला नेतोय, ऑपरेशन करावं लागंल म्हनं." जीवात जीव आला. मागून युसूफचा आवाज, "माझा फोन येईपर्यंत अब्बाला टीव्ही लावू देऊ नका!"

दहा मिनिटांत अख्खी गल्ली माझ्या दारात. सगळ्यांनी पाहिलं होतं. आणि दहा पावलांवर चाचा, दारात खुर्ची टाकून, टीव्हीकडं पाठ करून, त्याच बातमीवर पहारा देत बसलेले. आत चादरीखाली त्यांच्या पोराचा ट्रक टेप होत होता.

आता ऐका आमच्या गल्लीची अक्कल. शिंदे मास्तर कुजबुजले, "नियमानं उद्या सांगायला पाहिजे."

"मास्तर, डोकं ठिकाणावर आहे का?"

"एकदा सांगितलं तर पंधरा दिवस तोंड बघितलं नाही माझं. आणि हे तर मॅचपेक्षा मोठं आहे!"

आणि खरं सांगते, बाकीच्यांनी माना डोलावल्या. इतक्या वर्षांची सवय. कुणालाच तोंड उघडेना. मग अपराधी वाटून एकेक जण चाचांकडं काहीबाही घेऊन जायला लागला. एकानं चहा नेला. एकानं केळी. जाऊबाईंनी धपाटं नेलं, वर दही. मास्तर तर गेले आणि नुसतेच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

चाचा मास्तरांकडं बघत म्हणाले, "काय बे, आज एवढी खातिरदारी? निकालबिकाल लागला का कशाचा?"

मला राहवेना. उद्या ऑपरेशनमधे युसूफचा फोन येणार नाही. चाचा वाट बघणार. आणि न राहवून, एकट्यानंच कॅसेट लावली तर? एकट्या माणसानं त्या घरात बसून हे बघायचं? मी पदर खोचला आणि गेले.

"चाचा, एक सांगायचंय."

त्यांनी झटकन दोन्ही कानात बोटं घातली. "न्हाई न्हाई न्हाई! सांगू नको! उद्या बघणार हाय मी!"

"चाचा, ऐका."

"जिंकलो का हरलो, काय बी सांगू नको, तुला माझी कसम!"

आणि डोळेही मिटून घेतले. मी त्यांचे हात धरून खाली ओढले. म्हाताऱ्याच्या हाताला काय जोर होता! शेवटी डोळे उघडले, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हात एकदम सैल पडले.

"युसूफ?"

"पाय मोडलाय. फक्त पाय. बोलतोय. शिव्या देतोय."

"शिव्या देतोय?"

"ढाबेवाल्याला."

चाचा खुर्चीत मागं रेलले. टोपी काढली, परत घातली. मग धपाट्याची ताटली माझ्या हातात देत म्हणाले, "चल."

मिस्टरांनी जीप बोलावली. बीडपर्यंत चाचा माझ्या शेजारी बसून होते. वाटेत आपणहून बोलायला लागले.

"नऊ वर्षं झाली. आसंच टीव्हीवर दाखवत होते. घाटात ट्रक पडला. रंग त्योच. युसूफचा फोन लागंना. तुझी चाची टीव्हीपुढं बसली, काचेवर हात ठिवून. त्यो बातमीदार परत परत तेच सांगायचा, 'चालकाची प्रकृती समजू शकली नाही.' ही त्याला विचारायची, 'बेटा, जेवढं म्हाईत हाय तेवढं तरी सांग. जित्ता हाय का त्यो?' तीन तास विचारत होती काचेला."

"मग?"

"युसूफचा फोन आला. नांदेडला होता त्यो. मी पेढे वाटले गल्लीत."

मला आठवले ते पेढे. बंद पडलेला व्हीसीआर चालू झाला म्हणून वाटले असतील, असं म्हणून आम्ही हसलो होतो.

"त्यो ट्रक कुणाचा तरी होता की, मंगल," चाचा म्हणाले. "आन् मी पेढे वाटले. तवा ठरवलं, ताजी बातमी बघायची न्हाई. आधी युसूफचा फोन, मग कालची बातमी. त्यात आपला माणूस न्हाई, हे पक्कं असतंय. मग बाकीच्यांसाठी शांतपणानं दुवा मागता येती."

"मग बघताच कशाला? सोडून द्यायचं."

"आसं कसं? कुणाचा तरी असतोयच की त्यात. कुणीतरी बघायला पाहिजे."

मी खिडकीकडं तोंड केलं. आम्ही सगळे या माणसाला इतकी वर्षं हसत होतो, आणि सगळ्यात जास्त मी. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पंधरा दिवसांनी युसूफ घरी आला, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमधे. त्या दिवसापासून व्हीसीआरला कुणी हात लावला नव्हता. कॅसेट आतच होती. चाचा म्हणाले, "ती एक बातमी बघायची राहिलीय." युसूफ म्हणाला, "अब्बा, जाऊ द्या ना." पण चाचांनी ऐकलं नाही. सकाळी दहाला अख्खी गल्ली जमली. युसूफला टीव्हीसमोर बाजेवर झोपवला, पायाखाली दोन उशा. मास्तर सवयीनं काहीच माहीत नाही असं तोंड करून बसले होते.

चादर काढली. कॅसेट लागली. मोसंबी, पिशव्या, पालथा ट्रक. चाचांनी मान वाकडी करून आपलंच वाक्य वाचलं. एक हात युसूफच्या प्लास्टरवर होता. बातमीदार पोरगी घामाघूम होऊन सांगायला लागली, "चालकाच्या प्रकृतीबाबत अद्याप काही समजू शकलेलं नाही."

चाचा उठले. टीव्हीजवळ गेले आणि काचेवर हात ठेवला.

"हाय, बेटा, चांगला हाय," ते त्या पोरीला म्हणाले. "आत्ताच जेवलाय. दोन भाकरी खाल्ल्या त्यानं."

ती पुढच्या बातमीकडं वळली. चाचा तसेच उभे होते, आणि आमच्यातलं कुणीही त्यांना बसा म्हणालं नाही.