तात्यांचं नाक

कुणाच्याही घरी गेले की तात्या आधी हवा हुंगत, चपला नंतर काढत. नवं धोतर असो, कणगीतली ज्वारी असो, नाहीतर तहसीलचा उर्दू कागद असो, ते नाकाशी धरून डोळे मिटत आणि म्हणत, "नाकानं कौल दिला!" उर्दूचं अक्षरही त्यांना वाचता येत नसे. तरी कागद हुंगून ते सांगत, "वाईट बातमी हाय," आणि ते हमखास खरं निघे.

मी पेडगावच्या शाळेत मास्तर होतो, तात्यांच्या शेजारी राहत होतो. गावात त्या नाकाचा मोठा दबदबा. लग्नाचं तूप तात्यांनी हुंगल्याशिवाय कुणी घेत नसे. तूप कुणाच्या म्हशीचं, कढवताना बाई कुणावर चिडली होती, इथपर्यंत ते सांगत.

मग ती मोटार उलटली. पाथरीहून येताना समोर मेंढरं आली, ड्रायव्हरनं चाक वळवलं आणि मोटार बाभळीजवळच्या खड्ड्यात आडवी झाली. तात्यांचं डोकं लोखंडी दांडीवर आपटलं. परभणीच्या दवाखान्यात दोन आठवडे काढून ते परत आले आणि गाव हुंगायला पुन्हा मोकळे झाले.

पण कौल बिघडले. एका लग्नात हंड्यातलं वरण तळाला लागलं. मांडवभर धूर, आचारी बोंबलतोय, आणि हंड्याशेजारी बसलेले तात्या म्हणतात, "खमंग! आता उतरू नका." अत्तर लावायचे तर अख्खी कुपी. ते कचेरीत शिरले की पेशकारसाहेब उठून खिडक्या उघडत. एकदा तर मधमाश्या त्यांना पार वेशीपर्यंत सोडायला आल्या.

पुढे तात्यांच्या पत्नी गीताकाकू चार दिवस माहेरी गेल्या आणि तात्यांच्या घरातून भयंकर वास सुटला. मी गेलो. तात्या खाटेवर बसून भाकरी खात होते आणि खाटेखाली उंदीर मरून पडला होता. मी तो काठीनं ओढून काढला. तात्यांनी उंदराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, कुनाला सांगू नका. मोटार उलटल्यापासून काईच वास येत न्हाई. डाक्टर म्हनला, नाक धड हाय, डोस्क्यातली तार तुटली. आता जुळनार न्हाई."

"मग तूप कसं पारखता?"

"ही खोकती," ते म्हणाले. "एकदा खोकली तर अस्सल, दोनदा खोकली तर भेसळ. ही बायकांत जाऊन बसली की माझी पंचाईत."

त्या थंडीत पाटलांकडे लग्न निघालं. तुपाचे डबे आले, सगळं गाव जमलं, आणि नेमकं काकूंना पडसं. तात्यांनी पहिला डबा हुंगला. काकू खोकल्या.

"अस्सल!"

लगेच दुसरा खोकला.

"न्हाई, भेसळ हाय."

तिसरा. तात्या अडखळले. "भेसळच हाय, पन अस्सल भेसळ हाय."

मग काकूंना उबळच आली. दर खोकल्याला तात्यांचं मत बदलू लागलं. तूपवाला रडकुंडीला आला. "तात्या, घ्यायचं का न्हाई?" पाटील ओरडले. मला राहवलं नाही. पुढे होऊन मी बोट बुडवलं, हुंगलं आणि म्हणालो, "घ्या."

व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवसापासून लोक डबे माझ्याकडे आणू लागले. तात्या आपल्या ओट्यावर बसून बघत राहत. मी त्यांच्यासमोरून जाणं टाळू लागलो.

उन्हाळ्यात त्यांची लेक बाळंतपणाला आली. नात झाली. बारसं झाल्यावर मी हिय्या करून बाळ बघायला गेलो. तात्या नातीला मांडीवर घेऊन, तिच्या टाळूला नाक लावून बसले होते.

"मास्तर, बरं झालं आलात. हिकडं या. हिला हुंगा जरा."

मी वाकलो.

"कसा येतो?"

"तेलाचा," मी म्हणालो. "वेखंडाचा. ओव्याची धुरी दिलीय, तिचा."

"ते मला ठावं हाय. हिचा सोताचा कसा येतो?"

मी पुन्हा वाकलो. शाळेत पोरांना निबंध शिकवणारा मी, पण शब्द सापडेना.

"कोमट," मी म्हणालो. "कोमट आणि... जरासा गोड."

तात्यांनी पुन्हा टाळूला नाक लावलं.

"कोमट," ते हळूच म्हणाले. "अजून सांगा."