सत्तावन्न किलोंचा किल्ला कैसा खाली जाहला

घरच्या वडील मंडळींनी पुसिले की, आमचे चिरंजीव राजश्री सत्तावन्नराव मल्ल यांणी कॉलेजचा आखाडा सुटल्यावरी चारचौघांचे जेवत्याखात्या मुलखांत पाऊल कैसे ठेविले, कोण आडवे आले, कोण कामास आले, ते हातचे न राखता लिहिणे. आज्ञा शिरसावंद्य. पदरचा मीठमसाला घालणे आमचे घराण्यांत नाही, आणि घातलाच तर चवीपुरता.

तरी हकीगत ऐसी जे, रावसाहेब कॉलेजचे कुस्तीसंघात सत्तावन्न किलो गटाचे मालक. या गटाचा कायदा कडक. कुस्तीचे दिवशी सकाळी काट्यावर उभे राहावे, आणि काटा सत्तावन्नाचे वर केसभर सरकला तर लढाई न होताच शिकस्त. म्हणोन दर मोहिमेआधी दोन दिवस दाणापाणी तोडावे, आणि अंगावर रेनकोट चढवून जिने चढावे-उतरावे, आणि घाम गाळून वजन जेर करावे, मग काट्यावरून उतरताच समोर दिसेल त्या अन्नावर छापा घालावा, ऐसा शिरस्ता. चार वर्षे हेच चालिले. मित्र 'सत्तावन्न' म्हणत, कोचसाहेब 'सत्तावन्न' म्हणत, आणि आरशांत पाहता रावसाहेबांस स्वतःलाही दुसरे नाव सुचेना.

मग पदवीचे अखेरचे वर्षी, अखेरचे स्पर्धेत, रावसाहेब चीत जाहले. समोरचा गडी भला, त्याणे हात देऊन उठविले. त्याच संध्याकाळी गादी गुंडाळली गेली, आणि कोचसाहेब पाठीवर थाप मारोन बोलिले, "झालं रे बाबा. आता जेव पोटभर." इतके बोलोन ते पुढील सालचे पोरांची वजने घेऊ लागले. राज्य गेले ते ऐसे गेले. ना तोफ उडाली, ना नगारा वाजला.

घरी येताच मातोश्रींनी मुदपाकखान्यातून युद्ध पुकारिले. त्या माउलीने चार वर्षे पोटच्या पोरास उकडलेल्या भाज्या आणि अळणी अंडी वाढिली होती, आणि वाढताना तिचा जीव तीळतीळ तुटला होता. आता उट्टे काढण्याचा समय आला. लोण्याची रसद निघाली, आणि बटाट्यांची फौज चालोन आली, आणि भाताचे डोंगर उभे राहिले. परंतु रावसाहेब ताटावरून उठोन पलंगाखालील वजनकाटा काढीत, वर चढत, खाली पाहत, आणि अर्धे ताट जैसे थे परत रवाना करीत. मातोश्री कळवळोन बोलिल्या, "अरे, आता कोण मोजतंय तुला?" तीर्थरूपांनी वर्तमानपत्राआडून फर्मान सोडिले, "पोरगा आहे की पार्सल? जेव गुमान!" फर्मान सुटले तैसेच हवेत विरले.

हे हट्ट म्हणावे तर हट्ट नव्हे. रावसाहेबांचे पोटात भुकेहून मोठी भीती बसली होती. सत्तावन्न किलोंचा मल्ल म्हणोन जगात काही ओळख, काही मान. परंतु अठ्ठावन्न किलोंचा कोण? तो नुसताच एक मनुष्य, रस्त्याने जाणारा. म्हणोन काय वाटेल ते होवो, किल्ला सत्तावन्न सोडणे नाही, ऐसा निश्चय करोन स्वारी आत कोंडोन बसली होती.

इतक्यात मालवाहतुकीचे एका कंपनीकडून गोदामाचे कामासाठी मुलाखतीचे बोलावणे आले. घरांत आनंदीआनंद जाहला. मात्र रावसाहेबांचे शरीरास चार वर्षांत धडा एकच पाठ, की मोठा दिवस आला म्हणजे अन्न बंद. तेव्हा त्यांणी कोणास न सांगता जेवण तोडिले, पाणीही घोटावर आणिले, आणि भर उन्हात रेनकोट चढवून इमारतीचा जिना तुडविला. शेजारच्या काकूंनी दार किलकिले करोन पुसिले, "काय रे, पाऊस कुठाय?" स्वारी वरच्या मजल्याकडे कूच करती जाहली.

मुलाखतीचे दिवशी डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, ऐसे रावसाहेब कचेरीचे दरवाजांत दाखल जाहले, तो तेथे पार्सले तोलण्याचा भला थोरला काटा मांडिलेला! काटा दिसताच हातपाय आपोआप चालिले. बूट काढिले, ट्रॅकसुटाची चेन सोडिली, आणि छाती काढोन वर उभे राहिले. काट्यावरचा कारकून आ वासून बोलिला, "साहेब, तुम्हाला कुठं पाठवायचंय?" रावसाहेबांचे ध्यान आकड्यावर. सत्तावन्न! बरोब्बर सत्तावन्न! जितं मया म्हणोन स्वारी खाली उतरली, आणि काट्यावरून उतरल्यावरी काय करावयाचे, ते वर लिहिलेच आहे.

आत दिवाणखान्यात मोठ्या बाईसाहेब आणि दोन साहेब बसले होते, पुढ्यात पाणी, चहा आणि बिस्किटे. रावसाहेबांनी रामराम घातला न घातला, आणि तिन्ही पेले रिकामे केले, मग बशी साफ केली, मग धाकट्या साहेबांनी चहात बुडवून तोंडापाशी नेलेले बिस्किटही, ते अंमळ थबकले हे पाहोन, हातचे काढोन घेतले. मजलिस थक्क जाहली. थोरल्या साहेबांनी घसा खाकरोन हुकूम केला की, स्वतःबद्दल सांगणे.

"सत्तावन्न," रावसाहेब बोलिले.

"वय?"

"किलो."

मग पोटात चार घास गेल्याने रावसाहेब भानावर आले, आणि काय करोन बसलो हे ध्यानी येताच कानशिले लाल जाहली. धरणी पोटात घेईल तर बरे, ऐसे वाटले. बाईसाहेबांनी खोदोन विचारिले, तेव्हा त्यांणी रेनकोटापासोन शेवटचे कुस्तीपर्यंत सर्व कैफियत कबूल केली. बाईसाहेबांनी अखेर पुसिले की, ती शेवटची कुस्ती का हरलात. रावसाहेब बोलिले, "समोरचा माझ्यापेक्षा चांगला होता." बाईसाहेब दोन्ही साहेबांकडे वळोन बोलिल्या, "आपल्या गोदामात काही चुकलं की प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो. याला घ्या." आणि रावसाहेबांस फर्मान जाहले की, सोमवारी हजर होणे, ट्रॅकसूट घालोन न येणे, आणि मुख्य म्हणजे, "जेवून या!"

रावसाहेबांचे जामदारखान्यात ट्रॅकसुटाखेरीज वस्त्र नव्हते. म्हणोन मातोश्री आणि चिरंजीव दोघे शिंप्याचे दुकानी गेले. दुकान म्हणजे दोन यंत्रे आणि एक आरसा, मध्ये माणूस आडवा वळेल तर शपथ. शिंपीबुवांनी गळ्यातील टेप कमरेस लाविली, आणि लागलीच रावसाहेबांनी सवयीने पोट आत ओढोन श्वास कोंडिला. बुवा थांबले. टेप धरोन थांबलेच. मग शांतपणे बोलिले, "श्वास सोडा." सोडीनात. "अहो, ह्या पॅन्टीत बसायचंय ना तुम्हाला? की जन्मभर असंच उभं राहायचंय?" तरी सोडीनात. तेव्हा बुवा मातोश्रींकडे वळोन पुसते जाहले, "काय हो ताई, आहे त्या मापाची शिवू, की वाढत्या अंगाची?"

ज्या मातोश्रींची जीभ चार वर्षांत क्षणभर टाळ्यास लागली नव्हती, त्या गप्प राहिल्या. बहुत कष्टाने राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यालाच विचारा. अंग त्याचं आहे."

रावसाहेब आरशांत पाहते जाहले. फुगलेली छाती, बसलेली गालफडे, पाण्यावाचून तडकलेले ओठ. कुस्ती संपली होती, आणि समोर उभा गडी अजून कोणाशी तरी झुंजत होता. त्यांस त्या गड्याची दया आली, आणि आपलीच दया यावी याचे हसूही आले. हसू येताच कोंडिलेला श्वास सुटला, आणि पोट आपले जागी येऊन निवांत बसले.

"वाढत्या अंगाची शिवा," रावसाहेब बोलिले.

बुवांनी खडूने कापडावर रेघ ओढिली, मापाचे अंमळ बाहेरून. दुकानाची पायरी उतरता मातोश्रींनी भीत भीत पुसिले, "भूक लागलीय का रे?" या सवालास चार वर्षे 'नाही' हाच एक जवाब गेला होता. रावसाहेब रस्त्यात उभे राहोन बोलिले, "खूप लागलीय, आई."

येणेप्रमाणे किल्ला सत्तावन्न खाली जाहला. किल्लेदार दरवाजा आपले हाते उघडोन बाहेर आला. जखमी कोणी नाही, कमरेस दोन बोटे मुलूख नवा मिळाला. कोणी यास पराभव म्हणतील, खुशाल म्हणोत. त्या दिवशी मातोश्रींनी वाढिले ते ताट रावसाहेबांनी पुसोन साफ केले आणि पुन्हा पुढे केले. आमचे दफ्तरी ही फत्ते म्हणोन दाखल.